बोंबलाच्या वासाचा ॲम्प्लिफायर

मोरू,

काल तुझी शोकसभा झाली. तू असतास तर मध्येच उठून मागच्या दाराने समुद्राकडे गेला असतास आणि सगळं आटपल्यावर मला विचारलं असतंस, "कोण गेला रे, पंडित?" कारण काल ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो माणूस मलाही ओळखीचा वाटला नाही. तो म्हणे ध्वनिक्षेत्रातला ध्रुवतारा होता. त्याने म्हणे समाजाच्या आवाजाला वाचा दिली. आवाजाला वाचा कशी देतात ते नगरसेवकांनी सांगितलं नाही, पण टाळ्या घेतल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोकांच्या मागाहून लक्षात आलं आणि त्या अर्ध्यावर विरल्या.

साउंड भाड्याचा होता. माणसापेक्षा उंच दोन काळे खांब. पहिल्या रांगेतल्यांच्या कानठळ्या बसल्या आणि शेवटच्या रांगेतल्या बायकांना शिट्टीशिवाय काही ऐकू आलं नाही. तुझ्या शोकसभेत शेवटच्या रांगेला ऐकू येऊ नये! मी सारखा मागे वळून बघत होतो. तू नव्हतास.

मग मला बोलायला उभं केलं. मी सुरुवात बरी केली. पण जरा रंगात आलो आणि माझा आवाज बारीक झाला. मागच्या बायका कानामागे हात धरून एकमेकींकडे बघू लागल्या. तुला आठवतंय ना, आपण जितके कार्यक्रम केले त्या प्रत्येक कार्यक्रमानंतर मी तुझ्यावर एकच आरोप केला. माझं निवेदन सुरू झालं की तू मागे बसून माझा माईक बारीक करतोस. तू तो आरोप कधी मान्य केला नाहीस आणि नाकारलाही नाहीस. "वायर लांब आहे रे," म्हणायचास, "आणि तुझे शब्द जड. वाटेत दमतात." काल तू नव्हतास, तुझं मशीन नव्हतं, बटणावर कुणाचा हातही नव्हता, कारण भाडोत्री साउंडवाला विडी ओढायला बाहेर गेला होता. तरी माझा आवाज बारीक झाला.

हे तुला कळवायला हवं. म्हणून लिहितो आहे.

आपला वाद तसा त्या मशीनच्या आधीपासूनचा. अंधेरीच्या त्या कारखान्यात तू पॅकिंगला आणि मी हिशेबखात्यात. मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचायचो म्हणून तू मला पंडित म्हणायला लागलास, आणि मी पुस्तक बाजूला ठेवून तुझ्या डब्यातली कोलंबी खायला लागलो तरी ते नाव सुटलं नाही. नुकतंच रंगीत टीव्हीचं खूळ आलं होतं. सगळे हप्त्यांवर टीव्ही घ्यायच्या गोष्टी करत होते, आणि तू म्हणालास, "पंडित, एक मशीन घ्यायचंय."

"कसलं?"

"आवाजाचं. चांगूआत्यासाठी."

तुझी चांगूआत्या, तुझ्या वडिलांची थोरली बहीण, खारदांड्याच्या तुमच्या वाडीतली धवलारीण. मी मूळचा घाटावरचा, मला धवलारीण म्हणजे काय ते तू सांगितलंस. तुमच्याकडे भटजींच्या आधी धवलारीण. ती लग्नात बसून धवले गाते, गावच्या देवांना नावं घेऊन बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, दर्याला बोलावते. ती एक ओळ गाते आणि जमलेल्या बायका ती ओळ उचलतात. तिने बोलावल्याशिवाय लग्नाला कुणी आलं असं धरत नाहीत, मग मांडवात पाय ठेवायला जागा नसली तरी.

पण आत्याचा आवाज वयाने पातळ झाला होता आणि बँडवाले दरवर्षी जाडे होत होते. तिची ओळ पुढच्या चार बायकांना ऐकू जायची, मागच्या आपल्या गप्पा मारायच्या. एका लग्नात नवऱ्याकडचं कुणी म्हणालं, "आजीचं जरा लवकर आवरा, बँड खोळंबलाय." ती घरी आली, डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "आता बस." दोन वर्षांनी तुझ्या धाकट्या बहिणीचं, बेबीचं लग्न करायचं होतं. जिने अख्ख्या वाडीची लग्नं लावली ती घरच्या मुलीच्या लग्नात गाणार नव्हती. तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मी पाहिलंय. कोलंबी त्या दिवशी मला जास्त मिळाली.

मी म्हटलं, "एका दिवसाचं काम. भाड्याने आण."

"भाड्याचं मशीन आत्याला ओळखत नाय," तू म्हणालास. "आपलं पाहिजे. त्याला सराव पाहिजे. मला पण."

म्हणून आपला संच निघाला. लोकांना वाटतं संचासाठी मशीन घेतलं. खरं उलट होतं. एक पेटी, एक ढोलकी, गाणारे दोघे आणि निवेदक म्हणून मी. तू काहीच वाजवत नव्हतास, गातही नव्हतास, तरी संच तुझा. सत्यनारायण, बारसं, सोसायटीचा गणपती, जिथे बँड परवडत नाही आणि नुसता टेप कमी वाटतो तिथे आपण. त्यातून मशीनचा खर्च निघेल आणि बेबीच्या लग्नापर्यंत तुझा हात बसेल असा हिशेब.

मशीन मिळालं आरे कॉलनीत. एका तबेल्याच्या मालकांनी कुठेतरी ऐकलं होतं की म्हशींना गाणी ऐकवली तर दूध वाढतं. त्यांनी जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणून गोठ्यात ठेवला, पहाटे भजनं, संध्याकाळी सनई. म्हशींनी दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष केलं. मालक आपल्याला फार प्रामाणिकपणे म्हणाले, "मशीन चांगलं आहे. श्रोते वाईट होते." मी त्यांना मनातल्या मनात निवेदकांच्या जातीत घेऊन टाकलं.

ते चालू करून दाखवा म्हटल्यावर त्यांनी प्लग लावला. दिवे लागले, बराच वेळ काही नाही, मग आतून एक घूं असा आवाज निघाला तो थांबेचना. एका म्हशीने उत्तर दिलं.

"बंद आहे हे," मी तुझ्या कानात म्हटलं.

"बंद नाय. बोलतंय," तू म्हणालास. "फक्त काय बोलतंय ते कळत नाय. आमचा आजा पण शेवटी असाच बोलायचा. आम्हाला कळायचं."

भाव ठरला तो अगदी कमी, तरी मशीन जातंय या आनंदात मालकांनी दोघांना ताक पाजलं. त्या जंगलातल्या रस्त्याने बसमधून येताना मशीन तुझ्या मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "सामान आहे, तिकीट पडेल." तू म्हणालास, "मांडीवर आहे, मग मूल धरा." त्याने वाकून वास घेतला आणि म्हणाला, "मूल फार दिवसांत न्हालेलं नाही." खरंच होतं. शेणाची धूळ, गवताच्या काड्या, पालीची अंडी, आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागे एका उंदराने संसार थाटून सोडून दिलेला.

आपल्या दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं हे इथे लिहून ठेवतो, कारण काल तुला ध्वनितज्ज्ञ म्हटलं गेलं. मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. तुझ्या ओटीवर बसून मी ते मोठ्याने वाचायचो आणि तू मशीनकडे बघत बसायचास, पेशंटच्या नातेवाइकासारखा. सूज आलेले कंडेन्सर बदलायचे एवढं पुस्तकाने स्पष्ट सांगितलं, ते आपण लॅमिंग्टन रोडवरून आणले. तू सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकलास आणि पहिले काही डाग मशीनपेक्षा तुझ्या बोटांवर जास्त पडले. घूं कमी झालं. पण मध्येच कडकड व्हायची, ती कुठून येते ते पुस्तकाला माहीत नव्हतं.

तेव्हा तू जे केलंस ते मला अजून दिसतं. तू घरातून जाळं विणायची बांबूची सुई आणलीस. मशीन चालू ठेवलंस आणि त्या सुईच्या टोकाने आतला एकेक जोड हलकेच ठोकत गेलास. डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की दुसरी, फाटलेल्या जाळ्याची गाठ न् गाठ तपासतात तसा. मी म्हटलं, "पुस्तकात असं नाही." तू म्हणालास, "पुस्तक दर्यावर गेलेलं नाय." कितीतरी रविवार ते चाललं. एखादा जोड ठोकल्यावर कडकड झाली की तू हसायचास, जणू ओळखीचं कुणी भेटलं. धक्केही खाल्लेस. एकदा तर तू मागे उडालास आणि नर्मदावहिनी आतून धावत आल्या, तर तू म्हणतोस, "मशीन जिवंत आहे गं!" त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही?"

सगळं दुरुस्त झालं, एक सोडून. आवाजाचं बटण अगदी खाली आणलं की भाजलेल्या पापडासारखं करकरायचं. तसं नवं बटण मिळेना. मग तू बटण खाली आणणंच सोडलंस. जिथे असेल तिथे ठेवायचं आणि भिंतीवरचं स्विच बंद करायचं. पुढल्या वेळी लागेल तसं फिरवायचं. "ज्याचं दुखतं तिथे हात लावू नये," तू म्हणालास. मी ते तेव्हा आळशीपणात जमा केलं होतं.

आणि मग ती चूक. ती तुझी एकट्याची नव्हती, मीही मान हलवली होती. शेणाचा वास जाईना म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह काढून ठेवून बाकीचं तू धुऊन काढलंस. लाकडी पेटी, पत्रा, स्पीकरची खोकी, सगळं. आता धुतलेली वस्तू दांड्यात कुठे वाळत घालतात? जिथे सगळंच वाळत घालतात तिथे. तुमच्या अंगणात बांबूंची वलांडी होती, तिच्यावर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून ओळीने लटकत होते. त्यांच्याच खाली, उन्हात, दोन दिवस आपला ॲम्प्लिफायर. झकास वाळला. अंगणात वास होताच, त्यामुळे पेटीला वेगळा वास आहे हे आपल्याला कळायचं काही कारण नव्हतं.

ते कळलं बोरीवलीत.

सत्यनारायणाची पूजा, तळमजल्यावरचं पार्किंग, निम्मी सोसायटी गुजराती. आपला पहिला मोठा कार्यक्रम. तिथेच तू तुझी रीत सुरू केलीस. लोक मशीन स्टेजजवळ ठेवतात. तू लांब वायरी ओढून ते शेवटच्या रांगेच्या मागे नेऊन ठेवलंस, एक स्पीकर पुढे आणि एक मागे, आणि स्वतः म्हाताऱ्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलास. मी म्हटलं, "अरे, गाणारे तिकडे आहेत." तू म्हणालास, "ऐकणारे इकडे आहेत." आणि शेजारच्या आजींना विचारलंस, "काय आजी, ऐकू येतंय का? शब्द कळतात का?" त्या हो म्हणेपर्यंत बटण फिरवत राहिलास, आणि त्या हो म्हणाल्या तिथे थांबलास. पुढच्या साऱ्या वर्षांत तुझं मोजमाप तेच राहिलं.

तिसऱ्या गाण्याला व्हॉल्व्ह तापले, लाकूड तापलं, आणि सत्यनारायणाच्या दरबारात सुक्या बोंबलाचा वास पसरला.

सेक्रेटरी उठले. त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या मराठी बिऱ्हाडाकडे बघितलं. त्या बिऱ्हाडाने दुसऱ्या मजल्यावरच्या मराठी बिऱ्हाडाकडे बघितलं. "आजच्या दिवशी तरी!" कुणीतरी म्हणालं. "आमच्याकडे श्रावणापासून बंद आहे हो," दुसरं कुणी. सेक्रेटरी जिना चढून दारोदारी वास घेत फिरू लागले. मी स्टेजवर भक्तिरसाबद्दल बोलत होतो आणि माझ्या नाकाने मला साथ सोडली होती.

शेवटी तू उठलास आणि सेक्रेटरींना म्हणालास, "काका, कुणाला बोलू नका. आमच्या मशीनचा आहे. ते दांड्याचं आहे, तापलं की त्याला घरची आठवण येते."

तुझ्या शेजारच्या आजी, चांगल्या नऊवारीतल्या, हळूच म्हणाल्या, "मला मघापासून बरं वाटत होतं. किती वर्षांनी!" पहिल्या मजल्यावरचे हसले, मग गुजराती मंडळीही हसली, आणि सेक्रेटरींनी स्वतः उदबत्तीचा पुडा आणून मशीनवर ठेवला. त्या दिवसापासून आपल्या संचाला बोंबील आणि मोगरा असा मिश्र वास येत राहिला. घाटकोपरला, मुलुंडला, लोक वासावरून ओळखू लागले. कार्यक्रम कमी मिळाले नाहीत. एखाद्या चलाख माणसाने वास लपवला असता. तुला तो मार्ग सुचलाच नाही, आणि म्हणून मी तुला मानतो.

तू शेवटच्या रांगेतून स्टेजकडे बघत बसायचास, आणि मी निवेदनाला उभा राहायचो. मोरू, एरवी मी कोणत्याही थाटामाटाची टर उडवणारा माणूस. पुतळे, हारतुरे, सत्कार, सगळ्यांवर मी जेवणाच्या सुट्टीत तोंडसुख घेतलंय. पण माईकसमोर उभं केलं की माझ्या तोंडून 'सप्तसुरांच्या या मंगल सोहळ्यात' असं काहीतरी निघायचं आणि मलाच थांबवता यायचं नाही. आणि नेमकं तिथे माझा आवाज बारीक व्हायचा. मी तुझ्याकडे बघायचो, तर तुझा हात बटणावर. चोर मुद्देमालासकट.

"तू मला बारीक केलंस!"

"चहा घे, पंडित."

हे झालं आपल्या वादाचं पूर्ण स्वरूप. त्यात पुढे कधी भर पडली नाही.

बेबीच्या लग्नाच्या आधी आपण आत्याकडे गेलो. ती मासळी निवडत होती. तू मशीनची गोष्ट काढलीस, तर तिने मान वर न करता विचारलं, "माजा आवाज तुजे डब्यान कशाला भरतंस रं?"

"मोठा होयील, आत्या."

"मी गातंय देवासाठी. देव काय बहिरा हाय?"

मी मनात म्हटलं, संपलं. एवढ्या वर्षांच्या वाचनात मला या प्रश्नावर उत्तर मिळालेलं नव्हतं. तू तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि म्हणालास, "देव नाय आत्या. पाव्हने बहिरे झालेत. देव येयील, पण त्याला वाटंल चुकीच्या लग्नाला आलो."

ती हसली नाही. सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मी उबी ऱ्हानार नाय. त्या माईकच्या दांड्याला तोंड लावनार नाय." बस, एवढंच. तू तेवढ्यावर उड्या मारत बाहेर आलास.

लग्नाच्या दिवशी अंगणातली वलांडी मोकळी करून तिथे मांडव घातला होता. आत्या नेहमीसारखी जमिनीवर बसली. तू मांडवाच्या आढ्याला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, बांधून माईक तिच्या डोक्यावर असा टांगलास की तिने वर बघितलं तरच दिसावा, आणि ती वर बघणार नव्हती. मशीन शेवटच्या रांगेमागे. बाहेर बँड उभा, मालकाच्या टोपीला तुरा, बाजाला पॉलिश.

आत्याने सुरुवात केली आणि बँडनेही. मला मागे तुझ्याशेजारीसुद्धा तिची ओळ जेमतेम ऐकू येत होती.

"वाढव," मी म्हटलं.

"थांब."

"अरे, बँड खाऊन टाकतोय तिला! पूर्ण फिरव! त्यासाठीच तर घेतलं ना?"

"थांब म्हटलं ना, यार. मोठा केला तर तिचा राहील का तो? भोंग्याचा होईल."

तू नेहमीप्रमाणे शेजारच्या म्हातारीला विचारलंस, ऐकू येतं का. ती म्हणाली, येतंय, शब्द कळतात. तू हात काढून घेतलास. मला तुझा राग आला होता, हे तुला सांगायचं राहिलं. मला वाटलं, हा माणूस ऐन वेळी घाबरला. दोन वर्षांची खटपट, आणि आता आत्या पुन्हा एकदा सगळ्यांदेखत हरणार.

आत्याने दुसरी ओळ गायली. तुझ्या शेजारच्या म्हातारीने ती उचलली. तिच्या पलीकडचीने उचलली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागच्या बायका इतकी वर्षं गप्पा मारत होत्या, त्याचं कारण एवढंच होतं की उचलायला त्यांच्यापर्यंत ओळ पोचतच नव्हती. आता पोचली. शेवटची रांग गायला लागल्यावर मधल्या रांगांना मागे वळून बघावं लागलं, आणि मग त्याही गायला लागल्या. पुढून आत्याची एक ओळ आणि मागून अख्ख्या मांडवाची. बँडवाल्यांनी थोडा वेळ झुंज दिली. मग तुरेवाल्याने हात वर केला, आणि बाजे गप्प झाले. त्याच्या संचातली दोन माणसं दांड्याचीच होती. तीही गात होती.

तू उठलास आणि भिंतीवरचं स्विच बंद केलंस. कुणाला कळलंही नाही. मशीनचं काम एक ओळ मागे पोचवायचं होतं, तेवढं झालं होतं. मोरू, मी ध्वनिक्षेत्र वगैरे ओळखत नाही. पण आपण विकत घेतलेली, दुरुस्त केलेली, दोन वर्षं मांडीवर वागवलेली गोष्ट तिच्या सर्वांत मोठ्या दिवशी आपल्या हाताने बंद करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नगरसेवकांना हे सांगायला हवं होतं. पण त्यांना स्विच बंद करण्याची गोष्ट समजली नसती.

सगळं आटपल्यावर आत्याने तुला बोलावलं. "तुजा डबा चालू व्हता का रं?"

"नाय आत्या. नव्हता." तू सरळ खोटं बोललास.

तिने नाक वर केलं. "मंग बोंबलाचा वास कनाचा आला? वलांडी तं मोकली हाय."

आत्याने तुझ्या गालावर हळदीचा हात पुसला आणि पुढे गेली. त्यानंतर ती वाडीतल्या प्रत्येक लग्नात गायली, आणि स्वतःच विचारायची, "डबा आनलास ना?" ती गेली तेव्हा तू म्हणाला होतास, आता मशीनला काही काम उरलं नाही. पण कार्यक्रम करत राहिलास. मला वाटायचं, सवय.

काल सभा संपल्यावर मी तुझ्या घरी आलो. नर्मदावहिनींनी चहा केला. त्यांच्याशी काय बोलावं ते कळेना, म्हणून मी आपली तक्रार सांगितली. म्हटलं, "वहिनी, मोरू नसताना पण माझा आवाज बारीक झाला."

त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण हसल्यावर त्या स्वतःच दचकल्या.

"पंडित भावजी, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? तुम्ही साधं बोलता तेव्हा माईकजवळ असता. जड बोलायला लागलात की तुमची मान वर जाते, हात वर जातो, आणि एक पाऊल मागे. माईक राहतो तिथल्या तिथे. हे तर मागे बसून बटण वाढवत असायचे. म्हणायचे, पंडित उडाला, धरा त्याला."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तो वाढवायचा?"

"नाहीतर काय! शेवटच्या रांगेला तुमचं निम्मं तरी ऐकू यायचं ते त्यामुळेच."

"मग मला सांगितलं का नाही? इतकी वर्षं मी त्याला शिव्या देतोय."

"मी म्हणायचे ना त्यांना, सांगा भावजींना. तर म्हणाले, नको. सांगितलं तर तो मान खाली घालून बोलेल. वर बघून बोलतो तेव्हा चांगला दिसतो."

त्या आत गेल्या. मी ओटीवर आलो. मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर जुन्या साडीचा तुकडा, उदबत्तीच्या राखेचे डाग. मुलुंडच्या आपल्या शेवटच्या कार्यक्रमानंतर ते तसंच ठेवलेलं होतं. त्या कार्यक्रमात शेवटची बाब माझी होती. नेहमीच असायची, आभारप्रदर्शन, ज्यात मी सर्वांत उंच उडायचो. मी माईक जोडला आणि भिंतीवरचं स्विच दाबलं. दिवे लागले. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबलो. थोड्या वेळाने तो वास आला. बाहेर वलांडीवरही बोंबील होते, पण हा वास त्यांचा नव्हता, मला आता फरक कळतो.

मी मान खाली घातली, तोंड माईकजवळ नेलं आणि तुझ्या पद्धतीने विचारलं, "ऐकू येतंय का?"

अख्खं अंगण दणाणलं. वलांडीवरचे कावळे उडाले. शेजारच्या घरातून कुणी तरी ओरडलं. बटण पार टोकाला होतं, मोरू. मुलुंडला तू माझ्यासाठी जिथे नेलं होतंस तिथेच, तू कधी खाली आणत नव्हतास म्हणून तसंच राहिलेलं.

"भावजी!" वहिनी आतून ओरडल्या. "येतंय! पण केवढा मोठा! जरा बारीक करा ना ते!"

मी हात पुढे नेला. बटणावर ठेवला. मग काढून घेतला.

ते तू ठेवलंस तिथेच राहू दे. मीच जरा बारीक बोलेन.